तुझा दोर आणि माझी टाकी

शमीम,

चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. रिक्षा स्टॉपच्या वर, मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता तिथेच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठी आहेत, आणि शोक करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो इतके आहेत की त्यांच्या कार्यक्रमात तू अडचण केल्यासारखी एका कडेला बसली आहेस. तिघे गॉगल लावून शोक करत आहेत. त्यातल्या मधल्याला तू नववीत वर्गाबाहेर उभं केलं होतंस, आणि त्याच्यासाठी चहाबरोबर बिस्किटही पाठवलं होतंस. बाहेर उभं राहणं त्याला इतकं आवडलं की तो वर्षभर तिथेच राहिला.

फोटो गेल्या वर्षीच्या निरोप समारंभातला. मी लगेच ओळखला, कारण त्यात मीही होते. मला कापलं आहे. पण कापणाऱ्याला घाई असावी, तुझ्या खांद्यावर चार बोटं राहून गेली आहेत. ती माझी. इतकी वर्षं शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवून तुझ्या गौरवात माझ्या वाट्याला चार बोटं आली, अंगठासुद्धा नाही.

गेलेल्या माणसाचा मत्सर करू नये असं लोक म्हणतात. त्या लोकांनी तुझ्या शेजारच्या वर्गात कधी शिकवलेलं नाही.

मी नववी अ, तू नववी ब. मधली भिंत प्लायवूडची. त्या भिंतीतून मला तुझा वर्ग ऐकू यायचा, म्हणजे तुझ्या वर्गाचं हसणं. मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'विभवांतर' लिहायची आणि पलीकडे हशा पिकायचा. माझी पोरं फळा सोडून भिंतीकडे बघायची. तिकडे काय चाललंय हे त्यांना हवं असायचं. मलाही हवं असायचं, पण मला तसं तोंड करून चालणार नव्हतं.

धाराविद्युत हा धडा मी पाण्यावरून शिकवते, तुला ठाऊक आहे. गच्चीवर टाकी. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर, ते विभवांतर. पाइपातून वाहतं ते पाणी म्हणजे विद्युतधारा. पाइप अरुंद असेल तर पाणी अडतं, तो रोध. उंची तेवढीच ठेवून पाइप बारीक केला की धार बारीक होते. स्वच्छ, नीटनेटकं, आकृती काढता येईल असं. पहिल्याच वर्षी एका मुलाने विचारलं, "बाई, मग वायर कापली तर करंट खाली सांडतो का?" माझा वर्ग गप्प राहिला. हसला तो तुझा वर्ग, भिंतीपलीकडे. मधल्या सुट्टीत तू दारात येऊन उभी राहिलीस. "अक्का, तुझ्या वर्गात आज पूर आलाय व्हय गं?"

मी तुझ्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी, तेवढ्यावर तू मला अक्का केलंस. मी साताऱ्याहून नवीन आलेली. 'मी येतो', 'मी जातो' म्हणणाऱ्या कोल्हापूरच्या बायका मला तेव्हा भांडायला आल्यासारख्याच वाटायच्या. तुझ्या बाबतीत तो अंदाज बरोबर निघाला.

त्या वर्षीच्या परीक्षेत माझ्या निम्म्या वर्गाने लिहिलं की एका ओळीत दोन बल्ब असतील तर पहिला बल्ब थोडा करंट पितो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो. लांबच्या नळाला पाणी कमी येतं, हे त्यांनी घरी पाहिलं होतं. तुझ्या वर्गात एकानेही तसं लिहिलं नाही. मी तुझे पेपर तपासले होते आणि तू माझे. त्यानंतर तू मला काही बोलली नाहीस. तेवढा मोठेपणा तू दाखवायला नको होतास.

मग एकदा मला ऑफ तास होता म्हणून मी खिडकीतून तुझा धडा पाहिला. मैदानावर गुलमोहराखाली तुझी पोरं गोल उभी. प्रत्येकाच्या दोन्ही मुठी सैल आणि त्यांतून गेलेला एक लांब सुती दोर. गडहिंग्लजला तुझ्या माहेरच्या विहिरीवरचा, पाणी शेंदून शेंदून गुळगुळीत झालेला. टोकाला टोक गाठ मारून जोडलेलं, आणि सारख्या अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या. तू स्वतः बॅटरी झाली होतीस. तू ओढायला लागलीस आणि सगळा दोर एकदम सरकला. तुझ्या समोर, पार त्या टोकाला उभ्या असलेल्या पोरीच्या हातातलाही त्याच क्षणी. गाठीला मात्र पुरी फेरी मारून यायला बराच वेळ लागला.

"बघा," तू ओरडलीस. तुला हळू बोलता यायचंच नाही. "बटन दाबलं की लाइट लगेच लागती. म्हणून काय करंट पॉवरहाऊसपासनं पळत आला न्हाई. तो तारेत आधीच बसलाय. मी फकस्त वढतो!"

मग एका पोराला म्हणालीस, "आता तू आवळ रे." त्याने मूठ आवळली. दोर मंद झाला, त्याच्या पुढे आणि त्याच्या मागेही. तू सगळ्यांना आपापल्या हातातून जाणाऱ्या चिंध्या मोजायला लावल्यास. सगळ्यांचा आकडा सारखा आला. कुणीही करंट प्यायलेलं नव्हतं. "वढ म्हंजे विभवांतर. पकड म्हंजे रोध. दोराची चाल, ती धारा. आणि ह्याचा हात बघा." तू त्या पोराचा तळहात उघडून शेजारच्याच्या गालाला लावलास. "गरम हाय का न्हाई? ही झाली तुमच्या आईची शेगडी."

मी खिडकीतून बाजूला झाले. पाण्याबद्दल मी दोन भाषांतली पुस्तकं वाचली होती. दोर मला सुचायला हवा होता.

पुढे माझी गौरी नववीत आली. शिक्षिकेची मुलगी तिच्याच वर्गात नको, या शाळेच्या रिवाजाने ती तुझ्याकडे गेली. एका संध्याकाळी ती घरी आली ती तळहात पुढे करूनच. "आई, हात लाव. हा रेझिस्टन्स आहे." मी भाजी चिरत होते. हात लावला. खरंच गरम होता. दिवसभर वहीत डोकं खुपसून बसणारी माझी मुलगी, तिला एवढ्या आनंदात मी शाळेतून येताना कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री तिने मला दोराचा धडा शिकवला, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओढणीने. मी मधे मधे "हो का?" म्हणत होते.

आता ती पुण्यात मोटारींची कंट्रोल पॅनेल बनवते. तू गेल्याचं कळवायला मी फोन केला तेव्हा ती ऑफिसात रडली. म्हणाली, "आई, दोर अजून हातात आहे असं वाटतंय गं." मी तिची आई आणि विज्ञानाची शिक्षिका. माझं काय तिच्या हातात आहे, हे मी विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं एवढं मला कळतं. पण प्रश्न होता.

तुला हरवायची एकच जागा माझ्याकडे होती, आणि ती मी नीट वापरली. फाटा. घरातले दिवे एका ओळीत नसतात. एकाच तारेला फाटे फुटतात, पंख्याला वेगळा, दिव्याला वेगळा, आणि एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो. पाण्याच्या पाइपाला फाटा काढता येतो. "तुझ्या दोराला कसा काढणार?" मी स्टाफरूममध्ये विचारलं. "उसवणार का?" तू चहाचा कप खाली ठेवलास. तुला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या चहाची चव मला अजून आठवते.

मी पुढे रेटलं. "आणि धारा म्हणतो ना आपण? मग पाणीच की ते."

"धार म्हशीचीबी काढत्यात," तू म्हणालीस. "म्हणून काय म्हशीवर धडा घेऊ?"

पण फाट्याला उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी तू दारात आलीस. "अक्का, उत्तर हाय माझ्याजवळ."

"सांग."

"न्हाई सांगत. तू आधी टाकी फोड."

तेव्हापासून दरवर्षी हा धडा आला की तेच. मी विचारायची, फाट्याचं काय झालं? तू म्हणायचीस, उत्तर हाय की. मग सांग, मी म्हणायची. आधी टाकी फुटली का, तू विचारायचीस. आपलं शेवटचं बोलणंही तेच झालं, शाळेच्या फाटकात. तू स्कूटीवर बसून मान वळवलीस. "मी जातो गं अक्का. पुढच्या आठवड्यात धाराविद्युत. तयारीत ऱ्हा." मी तयारीत राहिले.

शोकसभा झाली. सभागृह भरलं होतं, बाहेरही लोक उभे होते. माझ्या वेळी किती येतील याचा अंदाज मी तिथेच बसून घेतला. आपल्या एका माजी नगरसेवकांनी माइक हातात घेतला. "शमीम बाई म्हंजे हाय व्होल्टेज व्यक्तिमत्त्व! त्यांच्या अंगातनं सारखं व्होल्टेज वाहायचं!" व्होल्टेज वाहत नाही, शमीम. वाहते ती धारा. व्होल्टेज दोन ठिकाणांच्या मधे असतं, एकट्याच्या अंगात ते नसतंच. मी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळले. अशा वेळी तू माझं मनगट दाबून धरायचीस, मी उठून दुरुस्ती करू नये म्हणून. शेजारच्या खुर्चीत शिक्षणाधिकाऱ्यांचे कुणी प्रतिनिधी होते. ते हार सांभाळत होते.

मग माजी विद्यार्थ्यांनी घोषणा केली. तुझा दोर सागवानी चौकटीच्या काचेच्या पेटीत ठेवणार, प्रयोगशाळेच्या दर्शनी भिंतीवर, खाली पितळी पाटी, आतून दिवा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि अगदी मनापासून. दोर काचेत गेला की मैदानावर येणार नव्हता. सभा संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता दोन्ही तुकड्या एकत्र तुमच्याकडेच. धाराविद्युत तुमच्या पद्धतीनं घ्या." तुझा दोर देव होऊन भिंतीवर बसणार, आणि नववीच्या एकूण एक पोराला माझी टाकी मिळणार. इतक्या वर्षांत मी यापेक्षा जास्त काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेले. अजून तुझा चाळिसावा दिवस व्हायचा आहे, माणसांची ये-जा आहे. तुझ्या मिस्टरांनी, दस्तगीरभाईंनी, मला तुझ्या खुर्चीवर बसवलं. ते म्हणाले, "तुमचं नाव निघालं न्हाई असा दिवस न्हाई बघा, बाई. घरात पाऊल टाकलं की सुरू. आज अक्काचा वर्ग कसला गप्प होता म्हणायची. मी कान लावून बसतो भिंतीला, म्हणायची. अक्का बोलती तवा पोरं श्वास घेत न्हाईत, आणि माझी कार्टी नुसता दंगा घालत्यात."

मी चहाचा कप खाली ठेवला.

तू कान लावून बसायचीस? त्या भिंतीला? आणि माझ्या वर्गाची शांतता तुला हवी होती? ती पोरं कंटाळून गप्प असायची, शमीम. एवढं साधं तुला कळत नव्हतं? की मलाच कळत नव्हतं? तू एकदा म्हणाली होतीस, "तुझ्यासारखं फळ्यावर मांडता आलं असतं तर मी दोर कशाला वढत बसलो असतो गं?" तेव्हा मला ती चेष्टा वाटली. तुझ्या तोंडून निघालेलं सगळंच चेष्टा वाटायचं, ही तुझी चूक.

"फाट्याचं काय होतं ओ तुमचं?" दस्तगीरभाईंनी विचारलं. "जेवताना मधेच गप्प व्हायची. विचारलं तर म्हणायची, अक्काचा फाटा. कधी एकटीच हसायची."

"हसायची म्हणजे उत्तर सापडल्यासारखं, की...?"

"ते काय कळायचं न्हाई. तिचं हसणं एकच होतं."

मी तिथून निघाले ती चिडूनच. काचेतल्या दोराशी भांडता येत नाही. पितळी पाटीला फाट्याचं विचारता येत नाही. तू उत्तर न देता भिंतीवर चढून बसणार आणि दरवर्षी तुला हार घालायला मी स्टूल घेऊन उभी राहणार. मला हे चालणार नव्हतं.

घरी जाताना दूध कट्ट्यावरून गेले. संध्याकाळची गर्दी होती. म्हशी उभ्या होत्या आणि लोक समोर काढलेलं फेसाळ दूध उभ्या उभ्या पीत होते. एक गवळी दोन म्हशींचे कासरे एका मुठीत धरून उभा होता. एक म्हैस इकडे ओढत होती, दुसरी तिकडे. एक थांबली तरी दुसरी ओढतच होती. गवळी मागे रेलला होता आणि त्याच्या मनगटाची शीर फुगली होती. मी बघत राहिले. त्याने विचारलं, "काय पावणं, दूध पायजे का म्हस पायजे?"

दोराला फाटा काढायचाच नाही. दुसरा दोर घ्यायचा. दोन्ही दोर एकाच बॅटरीच्या हातातून, पण वेगवेगळ्या पोरांतून न्यायचे. एकीकडे मूठ घट्ट आवळून तो दोर थांबवला तरी दुसरा चालूच राहतो. आणि दोन्ही चालू असले की बॅटरीच्या हातातून दुप्पट दोर जातो. म्हणून घरात सगळंच एकदम लावलं की फ्यूज उडतो. इतकं सोपं होतं. शेवटी म्हशीवरच धडा निघाला, आणि तो तुला सांगायला मी पर्समधून फोन काढलासुद्धा.

सकाळी लक्ष्मीपुरीत दोर घ्यायला गेले. दुकानदाराने विचारलं, "म्हशीला पायजे का झोक्याला?"

"विजेला."

"विजेला दोर?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, वायर पलीकडच्या दुकानात मिळती."

"मास्तरीण आहे मी."

"मग बरोबर," म्हणून त्याने सुती दोराचं बंडल काढलं.

शाळेत सुतार पेटी घेऊन आलाच होता. मुख्याध्यापक म्हणाले, पाहुणे ठरलेत, पॉलिशही झालंय. मी म्हटलं, आधी धडा होईल, मग दोर. ते म्हणाले, "पण बाई, तुमची पद्धत तर पाण्याची ना?" मी म्हटलं, पाणी पुढच्या तासाला.

गुलमोहराखाली दोन्ही तुकड्या गोल उभ्या केल्या. त्या गोलात मी, तुझ्या जागेवर. आधी नुसता तुझा दोर. ओढायला लागले तेव्हा समजलं की तू दरवर्षी ओरडत का होतीस. ओढताना हळू बोलताच येत नाही. पोरांनी चिंध्या मोजल्या, आकडा सारखा आला. ब तुकडीचा एक पोरगा म्हणाला, "गेल्या साली बघितलंय आम्ही, शमीम बाई जोरात वढायच्या." मी म्हटलं, "माझं विभवांतर कमी आहे. गप्प मोज." ते हसले. दोन्ही तुकड्या हसल्या, शमीम. तू गेल्यावर मला हशा मिळाला, तोही तुझ्या नावावर.

मग दुसरा दोर आणला. नवा, खरखरीत, तुझ्या दोरासारखा हातांनी घासलेला नव्हे. तो अ तुकडीतून फिरवला, तुझा ब तुकडीतून, आणि दोन्ही माझ्या मुठींतून. ओढलं. अ तुकडीला म्हटलं, आवळा, थांबवा. नवा दोर थांबला, तुझा चालूच राहिला. पोरं ओरडली. मग दोन्ही चालू केले. दोन फेऱ्यांत माझे तळहात पेटले. आवळणाऱ्या पोराचा हात गरम होतो ते तू दाखवायचीस. ओढणारीचाही होतो, हे तू कधी दाखवलं नाहीस. हात पदराला पुसून पुढच्या तासाला जायचीस.

मी नळाखाली हात धरले होते तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी जवळ आली. तुझी, ब तुकडीची. म्हणाली, "बाई, एका दोराचं शमीम बाईंचं, ते आम्ही गेल्या साली बघितलंय. हे दोन दोरांचंबी त्यांचंच न्हवं?"

'हो' म्हणणं शोभलं असतं. फ्लेक्सवरच्या सगळ्यांनी 'हो' म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "ते माझं आहे."

काचेच्या पेटीत आता तुझा फोटो ठेवला आहे. पाहुण्यांनी फीत कापली आणि त्यांना काही फरक कळला नाही. फोटो तोच, खांद्यावरच्या चार बोटांसकट. दोर माझ्या कपाटात आहे, नव्या दोराच्या शेजारी. कपाटाची किल्ली मी कुणाला देत नाही.

उत्तर तुझ्याजवळ खरंच होतं की नव्हतं, ते तू सांगितलं नाहीस. तेव्हा ते माझं. पटत नसेल तर ये आणि भांड. टाकी मी अजून फोडलेली नाही.